परमुलखांत मोटार हांकतांना

मोटार हांकण्याची विद्या आपणांस पुरती अवगत आहे, असा आमचा गेलीं ३८ वर्षें समज होता. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून ऐन दिवाळीच्या खरेदींत जो मनुष्य गाडीस ओरखडा न लागूं देतां बाहेर पडतो, त्याला जगाच्या पाठीवर कोठेंहि गाडी हांकतां आली पाहिजे, असें आम्हीं म्यूनिकला आमच्या जावयांस सांगितलें, तेव्हां ते आदरानें गप्प राहिले. सासऱ्याशीं वाद घालूं नये ही शिकवण त्यांच्या घरीं अद्याप पाळली जाते.

गप्प राहण्यास त्यांना आणखीहि एक कारण होतें. २०२४ च्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां कन्येकडे पोचलों, त्याच्या आदल्याच आठवड्यांत जावयांचा पाय घोट्याशीं मोडला होता. गाडी दारांत उभी, चार वर्षांचा नातू डोंगरावरचा किल्ला दाखविण्याचें वचन घेऊन बसलेला, आणि ती गाडी हांकूं शकणारा घरांत एकहि मनुष्य नाहीं, अशी स्थिति झाली होती. कन्येस मोटार येत नाहीं असें नव्हे. पुण्यांत ती आमच्याहून बरी हांकीत असे. परंतु तेथील कायदा मोठा चमत्कारिक आहे. आपल्या देशाच्या परवान्यावर परदेशचा पाहुणा जर्मनींत खुशाल गाडी हांकूं शकतो. मात्र तोच मनुष्य तेथें राहावयास गेला कीं सहा महिन्यांनीं तो परवाना तेथें निरुपयोगी ठरतो. मग पुन्हां लेखी परीक्षा, पुन्हां प्रत्यक्ष परीक्षा, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा नऊ तासिकांचा वर्ग! कांहीं देशांच्या लोकांस या परीक्षा माफ आहेत, पण त्या यादींत आपला देश नाहीं. लेखी परीक्षा जर्मनशिवाय १२ परभाषांत देतां येते. त्यांत इंग्रजी आहे, अरबी आहे, तुर्की आहे. हिंदीदेखील नाहीं, मग मराठीची गोष्ट कशाला! कन्येला तेथें जाऊन दोन वर्षें झालीं होतीं व ती या परीक्षेचा अभ्यास करीत होती. एवंच, नियम तोंडपाठ असलेली कन्या शेजारच्या आसनावर आणि नियमांचें अज्ञान असलेला बाप स्टिअरिंगवर, असा संपूर्ण कायदेशीर योग जुळून आला.

आमची कागदपत्रांची बाजू तेवढी भक्कम होती. निघण्यापूर्वीं आम्हीं आर. टी. ओ. कचेरींतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. १९४९ सालीं जिनीव्हा येथें रस्ते-वाहतुकीविषयीं जो करार झाला, त्यास अनुसरून आपलें सरकार हा परवाना देतें. मुदत एक वर्षाची असते व त्यासाठीं निराळी परीक्षा नसते. परंतु एक गोष्ट आमच्या वाचकांपैकीं जे मुलाबाळांकडे परदेशीं जातात त्यांनीं ध्यानांत ठेवावी. हा परवाना स्वतःच्या पायावर उभा राहणारा नव्हे. तो मूळ परवान्याची ओळख पटवून देणारा दुभाषा आहे, आणि ज्याची ओळख पटवावयाची तोच हजर नसेल तर दुभाष्यास कोण विचारतो? आमचे एक स्नेही मूळ परवाना पुण्याच्या कपाटांत जपून ठेवून नुसती ही पुस्तिका घेऊन गेले, आणि भाड्याची मोटार न मिळाल्यामुळें पंधरा दिवस आगगाडीनें हिंडून आले. विम्याचीहि एक मेख आहे. तेथें गाडीचा विमा उतरवितांना ती कोण कोण हांकणार हेंहि पुष्कळदां नोंदवावें लागतें. तेव्हां घरची गाडी म्हणून सरळ किल्ली उचलून चालत नाहीं. जावयांनीं विमा कंपनीस फोन करून आमचें वय सांगितलें. पलीकडून कांहीं तरी विचारणा झाली व जावई जर्मन भाषेंत बराच वेळ बोलत राहिले. आमच्या बाजूनें बोलत असावेत असें आम्हीं धरून चाललों.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं कन्येनें डिकी उघडली. याज्ञिकांनीं मुंजीच्या सामानाची यादी वाचावी तशी एकेक वस्तु ती हातांत घेई व नांव उच्चारून परत ठेवी. पहिला लाल चकाकणारा त्रिकोण. गाडी बंद पडल्यास मागून येणाऱ्यास इशारा देण्यासाठीं. दुसरी प्रथमोपचाराची पेटी. तींत काय काय असावें याचें तेथें प्रमाण ठरलेलें आहे. कोरोनानंतर त्यांत तोंडावर बांधण्याच्या दोन मुखपट्ट्यांचीहि भर पडली आहे. आंतील निर्जंतुक पट्ट्यांवर मुदतीची तारीख असते व ती उलटली कीं त्या बदलाव्या लागतात. तिसरें तें भडक पिवळें, अंधारांत चमकणारें जाकीट. १ जुलै २०१४ पासून जर्मनींत प्रत्येक मोटारींत असें एक जाकीट असलेंच पाहिजे. ऑस्ट्रियांत या तिन्ही वस्तु सक्तीच्या आहेत. जावयांनीं एकाऐवजीं पांच जाकिटें आणून ठेविलीं होतीं, त्यांत एक नातवाच्या मापाचें होतें. तीं मात्र डिकींत नव्हतीं, आसनांच्या मागच्या खिशांत होतीं. गाडींतून उतरण्यापूर्वीं जें अंगावर चढवावयाचें तें डिकींत ठेवून काय उपयोग, हें कन्येनें सांगितल्यावर आम्हांस पटलें. तोंवर आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आमच्या सौभाग्यवती हें सर्व दारांत उभ्या राहून पाहत होत्या. “पण ही पेटी कोणाला लागायची? आपण तर नीट जाणार!” त्या म्हणाल्या.

“आपल्याला नाहीं ग आई,” कन्या म्हणाली. “वाटेंत ज्याला लागेल त्याला.”

वाटेंत अपघात दिसला आणि आपणांस धोका नसतांना आपण मदत न करतां निघून गेलों, तर तो जर्मनींत फौजदारी गुन्हा होतो व त्यास एक वर्षापर्यंतची कैद सांगितली आहे. प्रथमोपचाराचा वर्ग केल्यावांचून परवाना कां मिळत नाहीं याचा उलगडा आम्हांस तेव्हां झाला. आपल्याकडे परिस्थिति उलट होती. जखमीला दवाखान्यांत नेणाराच चौकशीच्या फेऱ्यांत सांपडे आणि म्हणून लोक पाहिलें न पाहिलेंसें करून पुढें जात. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा परोपकारी माणसाला संरक्षण दिलें व २०१९ च्या दुरुस्तीनें तें मोटारवाहन कायद्यांतहि आलें. कायदा आला हें खरें. भय अंगांतून निघावयास मात्र वेळ लागतो.

“बाबा, आपल्या पुण्याच्या गाडींतहि त्रिकोण असेलच,” कन्येनें विचारलें. “कंपनीच देते.”

“असेल,” आम्ही म्हणालों. स्टेपनीच्या आसपास काय काय ठेवलेलें आहे हें आम्हीं अकरा वर्षांत पाहिलें नव्हतें. सौभाग्यवतींनीं आमच्याकडे एकवार पाहिलें आणि त्या आंत निघून गेल्या. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस कळला, पण तो येथें सांगण्याची वेळ अजून यावयाची आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी बाहेर काढली तेव्हां पहिला अपमान वायपरनें केला. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळें सर्वच गोष्टींची अदलाबदल झालेली. वळण्याचा इशारा द्यावा म्हणून दांडी दाबावी तों स्वच्छ उन्हांत वायपर फिरूं लागावेत. गिअरसाठीं टाकलेला डावा हात दारावर आपटला. रस्त्याच्या उजव्या बाजूनें जावयाचें हें मनाला चटकन् समजतें; हातापायांस समजावयास दोन दिवस लागतात. सरळ रस्त्यावर अडचण नसे, परंतु वळण घेतलें कीं गाडी आपल्या जन्मसिद्ध डाव्या बाजूकडे ओढ घेई, आणि “बाबा, उजवी!” हा घोष ऐकूं येई.

पण खरी शरम वाटली ती घराजवळच्या एका लहानशा चौकांत. तेथें दिवा नव्हता, पाटी नव्हती, शिपाई तर नव्हताच. आम्ही रुंद रस्त्यावर होतों; उजव्या हाताला एक बोळ होता व त्यांतून एक आजीबाई सायकलवरून येत होत्या. आपला रस्ता मोठा, गाडी मोठी, तेव्हां अग्रपूजेचा मान आपलाच, अशा समजुतीनें आम्ही पुढें निघालों. कन्येनें ओरडून थांबविलें. पाटी नसलेल्या चौकांत उजवीकडून येणारास आधीं जाऊं द्यावयाचें, मग तो सायकलवर कां असेना, हा तेथील मूळ नियम. आजीबाईंनीं आमच्याकडे मान वळवूनहि पाहिलें नाहीं. आम्ही थांबणार हें त्यांनीं गृहीतच धरलें होतें. त्या गृहीत धरण्यानें आम्ही जितके वरमलों तितके कोणी चार शब्द बोलल्यानें वरमलों नसतों. मागाहून कळलें कीं चौकांत उजवीकडच्यास वाट द्यावी, हें आपल्याकडेहि १९८९ च्या नियमांत छापलेलें होतें. आम्हीं गाडी हांकावयास घेतली त्यानंतर तीन वर्षांनीं तें छापलें गेलें, एवढीच काय ती आमची सबब.

ऑटोबानविषयीं आपल्याकडे भलत्याच कल्पना आहेत. तेथें वेगाला मर्यादा नाहीं हें अर्धेंच सत्य आहे. पुष्कळ ठिकाणीं पाट्या लावून मर्यादा घातलेल्या आहेत, आणि जेथें त्या नाहींत तेथेंहि ताशीं १३० किलोमीटर हा वेग १९७८ पासून सरकारनें शिफारस म्हणून सांगितला आहे. खरा कडकपणा वेगांत नसून शिस्तींत आहे. उजवा पट्टा मोकळा असेल तर उजवीकडेच राहावयाचें. पुढें जावयाचें तें डावीकडूनच. ताशीं ६० किलोमीटरहून अधिक वेगानें जाण्याची ज्या वाहनाची ताकद नाहीं त्याला तेथें प्रवेशच नाहीं. विनाकारण थांबणें गुन्हा आहे, आणि पेट्रोल संपणें हें कारण समजलें जात नाहीं. तें आधीं पाहावयास हवें होतें, असें कायदा म्हणतो. काटा लाल रेघेवर आल्यावरहि आणखी तीस किलोमीटर गाडी नेऊन दाखविणें हा ज्यांचा पुरुषार्थ, त्यांनीं तिकडे जाऊं नये.

नातू मागें आपल्या खुर्चींत जखडलेला होता. जर्मनींत बारा वर्षें पुरीं होईपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलास अशा खुर्चीवांचून नेतां येत नाहीं. ऑस्ट्रियांत वयाची अट चौदा वर्षांची, पण उंचीची १३५ सेंटिमीटरची. तासाभरानें तो रडूं लागला. “जरा मांडीवर घेतें त्याला, गप्प होईल,” आजी म्हणाली. कन्या नाहीं म्हणाली. “तुला मी मांडीवरच घेऊन मुंबई-पुणें करीत होतें,” आजीनें आठवण दिली. कन्येनें उत्तर दिलें नाहीं. फक्त मागें वळून मुलाचा पट्टा पुन्हां एकदां तपासला. पुढचे वीस किलोमीटर गाडींत कोणी बोललें नाहीं. नातवाचें रडणें थांबलें तेव्हां तो झोंपलेला होता, आणि आजीचा हात त्या पट्ट्यावर होता.

म्यूनिकहून साल्झबुर्गकडे जाणारा रस्ता इर्शेनबर्ग नांवाचा चढ चढतो. तेथें वाहनांची कोंडी नेहमींचीच. आमच्याहि पुढच्या गाड्या मंदावल्या, मागचे लाल दिवे लागूं लागले. जाण्याचे तीन पट्टे. आम्ही मधल्यांत होतों. आणि एक अजब प्रकार दिसला. डाव्या पट्ट्यांतील गाड्या हळूहळू आणखी डावीकडे, अगदीं कांठाला सरकल्या. मधल्या व उजव्या पट्ट्यांतील गाड्या उजवीकडे सरकल्या. आणि भर कोंडींत, दोहोंच्या मध्यें, दृष्टि पोचेल तेथवर एक मोकळी वाट तयार झाली. आम्हांस काय वाटलें तें खरें सांगतों. आम्हांस ती जागा आमच्यासाठीं झाली असें वाटलें. मोकळी फट दिसली कीं तींत गाडीचें नाक घालावें, या ३८ वर्षांच्या तपश्चर्येस अनुसरून आम्हीं चाक डावीकडे वळविलें सुद्धां.

“बाबा, उजवीकडे!” कन्येनें आपला उजवा हात पालथा धरून दाखविला. “हा आंगठा म्हणजे डावा पट्टा, हीं बाकीचीं बोटें म्हणजे उरलेले पट्टे. मधली जागा रुग्णवाहिकेची.”

“पण भोंगा ऐकूं येत नाहीं. कोणी येत आहे का?”

“ठाऊक नाहीं. कोणी यायच्या आधींच करायचें असतें.”

गाड्यांचा वेग पावलावर आला कीं ही वाट करावयाची, पुढें अपघात झाला आहे कीं नुसती गर्दी आहे हें पाहावयाचें नाहीं, असा तेथील नियम आहे. ऑस्ट्रियांतहि तो १ जानेवारी २०१२ पासून आहे. २०१७ पर्यंत हा नियम मोडल्यास जर्मनींत दंड २० युरोचा होता. त्या वर्षीं तो निदान २०० युरो केला गेला. म्हणजे तेथील माणसेंहि चुकतात, उपजत देव नव्हेत, हें त्या आंकड्यांवरून उघड आहे. आठ-दहा मिनिटें गेलीं. मग मागून निळा दिवा दिसला. रुग्णवाहिका जराहि न मंदावतां, रिकाम्या रस्त्यावरून जावी तशी, आमच्या आरशाजवळून निघून गेली. तिच्यामागून आगीचा बंब गेला. थोड्या वेळानें आणखी एक गाडी. तिच्या शेंपटास धरून कोणीहि निघालें नाहीं. वाट जशीच्या तशी मोकळी राहिली, कारण आणखी कोणी यावयाचें असेल. आपल्याकडेहि रुग्णवाहिकेस वाट न दिल्यास २०१९ पासून दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु आपली बुद्धि भोंगा ऐकूं आल्यावर जागी होते, व तोंवर सरकावयास जागा उरलेली नसते.

सौभाग्यवतींनीं हात जोडले. रुग्णवाहिका दिसली कीं त्या नेहमींच हात जोडतात. या वेळीं त्यांनीं ते बराच वेळ खालीं घेतले नाहींत.

ऑस्ट्रियाची सरहद्द आली व गेली. ना फाटक, ना शिपाई. मात्र त्या देशांत हमरस्त्यांसाठीं १९९७ पासून मुदतीची पट्टी घ्यावी लागते. ती कांचेला चिकटवितां येत असे, किंवा गाडीच्या क्रमांकावर नोंदवितां येते. जावयांनीं ती दहा दिवसांची घरूनच नोंदवून ठेविली होती, म्हणून आम्हांस त्याचा त्रास पडला नाहीं. साल्झबुर्गच्या दक्षिणेस व्हेर्फेनचा किल्ला आहे, अकराव्या शतकांतला. तेथें ससाणे उडवून दाखवितात. नातवाचें वचन पुरें झालें, आजीची त्याच्या आईशीं समेट झाली, आणि दुसऱ्या दिवशीं दुपार टळल्यावर आम्ही परत फिरलों.

कीमझे सरोवर मागें पडलें होतें, दिवेलागण झाली होती. मागच्या बाजूला धप्प असा आवाज झाला व गाडी ओढ घेऊं लागली. आम्हीं धोक्याचे दिवे लावून गाडी कांठाच्या पट्ट्यांत घेतली. पुढें जें झालें तें कन्येच्या पुस्तकाप्रमाणें झालें. प्रथम गाडींतल्या गाडींत सर्वांनीं जाकिटें चढविलीं. मग रस्त्याच्या उलट बाजूच्या दारांनीं सर्व उतरलों, आणि नातवाला घेऊन दोघी लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हीं त्रिकोण उघडला व तो छातीशीं धरून कठड्याच्या बाहेरून मागें चालत निघालों. जलद वाहतुकीच्या रस्त्यावर तो सुमारें १०० मीटरांवर ठेवावा, ऑटोबानवर त्याहूनहि लांब. अंतर मोजावें कसें? रस्त्याच्या कडेला पांढरे बुटके खांब असतात, ते ५० मीटरांवर एक. प्रत्येक खांबावर एक लहानसा बाण असतो. जवळचा मदतीचा टेलिफोन कोणत्या दिशेस आहे तें तो दाखवितो. आम्हीं चार खांब मोजले आणि त्रिकोण ठेविला. मालमोटारी इतक्या जवळून जात कीं त्यांच्या वाऱ्यानें अंग हलावें.

परत येऊन कठड्यामागें उभे राहिलों. मोटारक्लबचा माणूस यावयास पाऊण तास लागणार होता. नातू गाड्या मोजत होता. आम्ही उभयतां कांहीं बोलत नव्हतों, परंतु दोघांस एकच गोष्ट आठवत होती.

१९९८ च्या डिसेंबरांत आम्ही साताऱ्यास लग्नाला चाललों होतों. रात्रीं साडेदहाच्या सुमारास खंबाटकी घाटांत मागचें चाक फुटलें. दिवा नाहीं, वस्ती नाहीं. आम्हीं सर्वजण करतात तेंच केलें. कडेचे पांच-सहा मोठे दगड उचलून गाडीच्या मागें रस्त्यावर मांडले. जॅक लावला, स्टेपनी चढविली, हात पुसले. गाडी सुरू करतांना सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, दगड?” आम्ही म्हणालों, “राहूं दे, उशीर झाला आहे.” आणि निघालों.

दुसऱ्या दिवशीं लग्नघरीं पंगत चालली असतां कोणी तरी बोलले कीं रात्रीं घाटांत एक स्कूटरवाला दगडांवरून घसरला, पाय मोडून दवाखान्यांत पडला आहे. घाटांत अशीं दगडांचीं रिंगणें पुष्कळ असत. ते आमचेच दगड कशावरून? असें आम्हीं मनाशीं म्हटलें. दवाखाना लग्नघरापासून चालत जाण्याइतका जवळ होता. आम्ही गेलों नाहीं. कोण होता, कोठला होता, पुढें त्याचा पाय बरा झाला कीं नाहीं, यांतलें कांहींच आम्हीं विचारलें नाहीं. समोरच्या पंक्तींतून सौभाग्यवती आमच्याकडे पाहत होत्या, आणि आम्हीं जिलबी वाढून घेतली. त्यानंतर २६ वर्षांत आमच्या घरीं या गोष्टीचा उच्चार कधीं झाला नाहीं.

क्लबचा माणूस पिवळी गाडी घेऊन आला. त्यानें आमच्यामागें आपली गाडी दिवे लुकलुकवीत उभी केली व पंधरा मिनिटांत बारीकशी स्टेपनी बसवून दिली. हिच्यावर ८० च्या वर जाऊं नये, असें त्यानें बजावलें आणि कागदावर सही घेतली. थंडी पडली होती, नातू पेंगत होता, म्यूनिक अजून दूर होतें. सर्व गाडींत बसलों. आम्हीं पट्टा लावला, किल्ली फिरविली.

मागच्या आसनावरून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, दगड?”

कन्येला कांहीं उमगलें नाहीं. “कसले दगड, आई?”

आम्हीं गाडी बंद केली. खालीं उतरलों, कठडा ओलांडला. चालूं लागलों तों मागें पावलें वाजलीं. त्या आमच्या मागून येत होत्या. पिवळ्या जाकिटांत दोघेंहि एका रांगेनें त्या खांबांवरून मागें गेलों; एक, दोन, तीन, चार. त्रिकोण होता तेथेंच होता. तो उचलून घेऊन परत आलों. चालतांना त्या म्हणाल्या, “त्याचें नांव तरी विचारायला हवें होतें.” आम्ही “हो” म्हणालों.

त्रिकोण मिटावा कसा हें आम्हां कोणास जमेना. शेवटीं सौभाग्यवतींनीं तो तसाच उघडा पायांशीं उभा धरला, आणि आम्ही ८० च्या वेगानें उजव्या पट्ट्यांतून म्यूनिकला आलों. वाटेंत सगळ्या जर्मनीनें आम्हांस मागें टाकलें.

पुण्यास परतल्यावर पहिल्याच रविवारीं आम्हीं डिकी रिकामी केली. स्टेपनीच्या शेजारीं, कंपनीच्या प्लास्टिकच्या पिशवींत, न फोडलेला त्रिकोण होता. सौभाग्यवतींनीं कातरीनें पिशवी फोडली. आम्ही दोघें इमारतीच्या आवारांत तो उघडीत व मिटीत बसलों होतों, तेव्हां राखणदार धांवत आला आणि म्हणाला, “साहेब, गाडी बंद पडली का?”